अर्धा टन, पाऊण टन, एक टन : अमेरिकेतील पिकअपच्या आकारमानाचा इतिहास आणि ग्राहकाच्या निवडीचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्रात ‘पिकअप’ हा शब्द उच्चारला की भाजीपाल्याच्या जाळ्या, दुधाचे कॅन किंवा सिमेंटच्या गोण्या घेऊन निघालेली मालवाहू गाडी डोळ्यांसमोर येते. ती धंद्याचे साधन असते. तिच्यातून कुटुंबाने प्रवास करणे ही अडचणीच्या वेळची तडजोड मानली जाते, हौस नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र पिकअपला निराळे स्थान प्राप्त झालेले आहे. तेथे हीच गाडी सकाळी मालकाला कचेरीत नेते, दुपारी मुलांना शाळेतून आणते आणि सुट्टीच्या दिवशी मागे नौका, घोड्यांचा ट्रेलर किंवा राहण्याची सोय असलेला कॅम्पर जोडून शेकडो मैल ओढते. फोर्ड कंपनीची ‘एफ’ मालिका १९७७ पासून त्या देशातील सर्वाधिक खपाचा ट्रक ठरत आली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभापासून मोटारींसह सर्व वाहनांतही तिने दीर्घकाळ पहिला क्रमांक राखला, यावरून या वाहनाचे तेथील लोकजीवनातील महत्त्व लक्षात यावे.

एकाच गाडीकडून दोन कामांची अपेक्षा ठेवली की तिच्या आकाराचा प्रश्न उपस्थित होतो. ओढण्यासाठी गाडी जड, लांब आणि ताकदवान हवी. रोजच्या वापरासाठी ती आटोपशीर, कमी इंधन पिणारी आणि गाडीखान्यात मावणारी हवी. या दोन गरजांमधून योग्य आकार कसा निवडावा, हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक मानला जातो. इंजिनाची शक्ती, ओढण्याची क्षमता आणि किंमत यांचे कोष्टक मांडले की उत्तर मिळते, अशी समजूत असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे. ग्राहक ज्या आकारांतून निवड करतो ते आकार केवळ त्याच्या गरजेतून निर्माण झालेले नाहीत. लष्कर आणि शेती यांच्यासाठी ठरलेली जुनी मापे, कोंबड्यांच्या व्यापारावरून लागलेली जकात, प्रदूषण आणि इंधनबचत यांचे कायदे, तसेच कंपन्यांची आकड्यांची चढाओढ यांतून ते घडत गेले आहेत. त्यामुळे ‘मला केवढी गाडी हवी’ या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते.

टनाचे माप आणि त्याचा उगम

आरंभीच्या काळात पिकअप ही कारखान्यात तयार होणारी वस्तू नव्हती. शेतकरी किंवा दुकानदार फोर्डची मॉडेल टी मोटार घेत, तिचा मागचा भाग काढून टाकत आणि सुताराकडून लाकडी हौदा बसवून घेत. १९१७ मध्ये फोर्डने अधिक मजबूत सांगाड्याची ‘मॉडेल टीटी’ बाजारात आणली. तिची भारक्षमता १ टन होती. १९१८ मध्ये शेव्हरोलेने अर्धा टन आणि एक टन अशा दोन मापांचे हलके ट्रक देऊ केले. पुढे १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने कारखान्यातच बसवलेल्या हौद्यासह ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ विक्रीस काढली; तिची किंमत २८१ डॉलर होती. ‘पिकअप’ हे नाव यानंतर सर्वतोमुखी झाले.

येथे टन म्हणजे अमेरिकी लघुटन, अर्थात २,००० पौंड किंवा सुमारे ९०७ किलो, हे ध्यानात घ्यावयास हवे. अर्धा टन म्हणजे साडेचारशे किलोंच्या आसपासचा माल. त्या काळी हे माप शब्दशः खरे होते. अर्ध्या टनाच्या गाडीत अर्धा टन माल भरावा, त्याहून अधिक भरल्यास कमानपाटे बसतील, एवढाच त्याचा अर्थ होता. खरेदीदाराला आपल्या मालाचे वजन ठाऊक असे आणि गाडीच्या नावातच तिची क्षमता सांगितलेली असे. नाव आणि वस्तू यांच्यातील असा प्रामाणिक संबंध मोटार उद्योगाच्या इतिहासात पुढे क्वचितच आढळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये फोर्डने ‘एफ’ मालिका सुरू केली. तिच्यात एफ-१ म्हणजे अर्धा टन, एफ-२ म्हणजे पाऊण टन आणि एफ-४ म्हणजे एक टन अशी रचना होती. १९५३ मध्ये हीच नावे एफ-१००, एफ-२५० आणि एफ-३५० अशी झाली. शेव्हरोलेने १९६० पासून १०, २० आणि ३० हे आकडे स्वीकारले व १९८८ मध्ये त्यांचे १५००, २५०० आणि ३५०० झाले. आकडे बदलले, परंतु त्यांमागची तीन पायऱ्यांची विभागणी कायम राहिली.

या पायऱ्यांचा मूळ अर्थ मात्र हळूहळू झिजत गेला. २०२१ च्या एफ-१५० गाडीची कमाल भारक्षमता कंपनीने ३,३२५ पौंड, म्हणजे सुमारे १,५०० किलो, जाहीर केली होती. बोलीभाषेत तिला आजही ‘हाफ टन’च म्हणतात. वस्तुतः दीड लघुटनाहून अधिक वजन पेलणारी गाडी अर्ध्या टनाच्या नावाने ओळखली जाते. त्याच वेळी त्याच नावाच्या, पण चार दरवाज्यांच्या आणि सर्व सुखसोयींनी सजवलेल्या गाडीची क्षमता याच्या निम्म्याच्या आसपास असू शकते, कारण प्रत्येक सुखसोय स्वतःचे वजन घेऊन येते आणि ते वजन मालाच्या वाट्यातून वजा होते. एकच नाव दोन अगदी भिन्न वस्तूंना लागू होते आणि गोंधळाचे मूळ येथेच आहे.

शेतातून घराच्या दारात

पिकअप घरगुती वाहन होण्याची प्रक्रिया १९५० च्या दशकात सुरू झाली. १९५५ च्या शेव्हरोले ‘कॅमिओ कॅरियर’ने हौद्याच्या बाजू केबिनच्या रेषेत सपाट करून ट्रकला मोटारीसारखे देखणेपण दिले. १९५७ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘ट्रॅव्हलेट’ या नावाने मागे दुसरे आसन असलेली पिकअप आणली. डॉजने १९७३ मध्ये ‘क्लब कॅब’ हे वाढीव केबिन दिले आणि फोर्डने पुढच्याच वर्षी ‘सुपरकॅब’ काढून त्याचे अनुकरण केले.

केबिन वाढले तसा हौदा आखडला. या बदलाचे मोजमाप एका साध्या वस्तूने करता येते, ती म्हणजे प्लायवुडचा तक्ता. अमेरिकेत बांधकामाचा प्लायवुड ४ फूट रुंद व ८ फूट लांब अशा तक्त्यांत मिळतो आणि जुन्या पूर्ण आकाराच्या पिकअपचा हौदा ८ फुटांचा असे. तक्ता हौद्यात सपाट बसे आणि मागची फळी बंद होई. २००१ च्या ‘एफ-१५० सुपरक्रू’मध्ये चार पूर्ण दरवाजे आले आणि हौदा साडेपाच फुटांवर आला. गाडीची एकूण लांबी कमी झाली नाही. माणसांची जागा वाढली आणि मालाची घटली. सुताराची गाडी कुटुंबाची झाली, हे त्या अडीच फुटांच्या फरकात स्पष्ट दिसते.

जकात आणि छोटी पिकअप

आकारमानाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण कोंबड्यांशी निगडित आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्वस्त गोठवलेले चिकन पश्चिम जर्मनीच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने त्यावर भारी जकात बसवली. वाटाघाटी निष्फळ ठरल्या. तंट्यातील व्यापाराचे मूल्य गॅटच्या तज्ज्ञमंडळाने २ कोटी ६० लाख डॉलर ठरवले. त्याची भरपाई म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये घोषणापत्र काढून बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक या चार वस्तूंवर २५ टक्के जकात लावली. ७ जानेवारी १९६४ पासून ती अमलात आली. ट्रकवरील जकातीचा रोख जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीच्या मालवाहू गाड्यांवर होता. इतर वस्तूंवरील जकात पुढे हटली. ट्रकवरची मात्र अर्धशतकाहून अधिक काळ टिकली आणि ‘चिकन टॅक्स’ या गमतीदार नावाने प्रसिद्ध झाली.

नाव गमतीदार असले तरी परिणाम गंभीर होता. या जकातीची खरी झळ जर्मनीपेक्षा जपानला बसली. डॅट्सन आणि टोयोटा यांच्या छोट्या पिकअप १९६० च्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसू लागल्या होत्या. मोठ्या ट्रकची गरज नसलेल्या माळ्याला, रंगाऱ्याला, फिरत्या कारागिराला त्या सोयीच्या होत्या. जकात चुकवण्यासाठी हौदा न बसवलेली, केवळ केबिन आणि सांगाडा असलेली गाडी आयात करायची आणि हौदा अमेरिकेत जोडायचा, ही युक्ती रूढ झाली. अशा अपूर्ण गाडीवर जकात फक्त ४ टक्के होती. टोयोटाने १९७२ पासून कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे हौदे तयार करावयास आरंभ केला. खुद्द अमेरिकी कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. १९७२ मध्ये विक्रीस आलेली फोर्ड ‘कुरियर’ मूळची माझदाची होती आणि शेव्हरोले ‘लव्ह’ इसुझूची. १९८० मध्ये ही पळवाट बुजवण्यात आली. त्यानंतर निसानने १९८३ मध्ये टेनेसी राज्यातील स्मर्ना येथे पिकअपचे उत्पादन सुरू केले. फोर्डने ‘रेंजर’ आणि शेव्हरोलेने ‘एस-१०’ या स्वतःच्या छोट्या गाड्या आणल्या. १९८७ मध्ये डॉजने ‘डकोटा’ बाजारात आणून छोटी आणि मोठी यांच्यामध्ये ‘मध्यम’ असा नवा आकार निर्माण केला.

जकातीच्या पळवाटांचा हा खेळ त्यानंतरही थांबला नाही. तुर्कस्तानात तयार झालेल्या ‘ट्रान्झिट कनेक्ट’ मालवाहू व्हॅन मागची आसने बसवून प्रवासी वाहन म्हणून आणायच्या आणि बंदरात उतरल्यावर ती आसने काढून टाकायची, या पद्धतीवरून फोर्ड व अमेरिकी सरकार यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. तो २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. आपल्याकडील संबंधही नोंदवण्याजोगा आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्र कंपनीने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपली डिझेल पिकअप अमेरिकेत विकण्याची योजना आखली होती, परंतु ती प्रत्यक्षात उतरली नाही. अमेरिकी खरेदीदाराला जगातील इतर देशांत सहज मिळणाऱ्या छोट्या पिकअप का मिळाल्या नाहीत, याचे संपूर्ण उत्तर जकातीत नसले तरी मोठा वाटा तिचाच आहे. स्पर्धेच्या अभावी देशी कंपन्यांना छोट्या गाडीत सुधारणा करण्याची निकड भासली नाही आणि जास्त नफा देणाऱ्या मोठ्या गाडीकडे त्यांचे लक्ष एकवटले.

इंधन आणि प्रदूषण यांचे नियम

१९७५ मध्ये फोर्डने एफ-१०० आणि एफ-२५० यांच्यामध्ये एफ-१५० ही नवी पायरी घातली. ‘जड अर्धा टन’ असे तिचे वर्णन केले जाई. या पायरीची गरज मालाच्या वजनामुळे उद्भवली नव्हती. नव्या प्रदूषणनियमांनुसार भरलेल्या अवस्थेत ६,००० पौंडांपर्यंत वजनाच्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आवश्यक ठरले. एफ-१५० चे अनुज्ञेय एकूण वजन या मर्यादेच्या किंचित वर ठेवण्यात आले. अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय गाडीचा जन्म अशा रीतीने नियमाच्या उंबरठ्यापलीकडे टाकलेल्या एका पावलातून झाला.

१९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये संमत झालेल्या ऊर्जाविषयक कायद्याने मोटारींसाठी सरासरी इंधनबचतीचे लक्ष्य घालून दिले. १९८५ साठी ते दर गॅलनला २७.५ मैल होते. हलक्या ट्रकना निराळे आणि सौम्य लक्ष्य मिळाले. शेतकऱ्याच्या गाडीवर मोटारीइतके कडक बंधन नको, हा त्यामागील विचार त्या काळात असमंजस म्हणता येणार नाही. परंतु ८,५०० पौंडांपेक्षा अधिक अनुज्ञेय वजनाच्या गाड्या या बंधनातून पूर्णतः बाहेर राहिल्या, त्या २०१४ च्या मॉडेलांपासून जड पिकअपसाठी स्वतंत्र नियम येईपर्यंत. पाऊण टन आणि एक टन या वर्गांतील बहुतेक गाड्या याच मुक्त क्षेत्रात वाढल्या.

पुढे नियमांची पद्धतच बदलली. २००८ च्या मॉडेलांपासून हलक्या ट्रकसाठी आणि २०११ पासून सर्वांसाठी बंधनकारक स्वरूपात, गाडीच्या पाऊलठशावर लक्ष्य ठरू लागले. पाऊलठसा म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर गुणिले डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर. पाऊलठसा जितका मोठा तितके लक्ष्य सौम्य. कंपन्यांनी गाड्या हलक्या करण्यासाठी लहान व असुरक्षित करू नयेत, हा हेतू होता. तथापि छोट्या पिकअपच्या वाट्याला यामुळे तिच्या सांगाड्याला न झेपणारे कठीण लक्ष्य आले. १९९९ मध्ये तीन लाखांहून अधिक खप असलेल्या रेंजरचे अमेरिकेतील उत्पादन डिसेंबर २०११ मध्ये सेंट पॉल येथील कारखान्याबरोबरच बंद झाले. डकोटाही त्याच वर्षी संपली. २०१९ मध्ये रेंजर परतली ती छोटी म्हणून नव्हे, मध्यम आकाराची म्हणून. नियम हेच यामागचे एकमेव कारण होते असे म्हणणे धाडसाचे होईल; रेंजरच्या रचनेत दीर्घकाळ मूलभूत सुधारणा झाली नव्हती आणि मोठी गाडी सवलतीत तिच्याच किमतीच्या जवळ येऊन ठेपली होती. पण ज्या ग्राहकाला खरोखरच छोटी गाडी हवी होती, त्याच्यासमोरून ती उचलून नेली गेली, हे खरे.

करकायद्यानेही आकारात हात घातला. २००३ मध्ये व्यवसायासाठी घेतलेल्या साधनांचा खर्च पहिल्याच वर्षी वजा करण्याची मर्यादा १ लाख डॉलरपर्यंत वाढवण्यात आली आणि ६,००० पौंडांवरील वाहने तिच्या कक्षेत आली. डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांनी जड गाड्या घेतल्यावर २००४ मध्ये ही सवलत २५,००० डॉलरवर आणली गेली. मात्र किमान ६ फूट लांबीचा हौदा असलेल्या पिकअपला त्या कपातीतून वगळले. गाडीच्या हौद्याची लांबी करकायद्यात फुटांनी लिहिली जावी, हे या इतिहासाला साजेसेच आहे.

ओढण्याच्या आकड्यांची चढाओढ

१९८९ च्या मॉडेलात डॉजने रॅम पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन बसवले. त्याचा टॉर्क ४०० पौंड-फूट होता. वीज खेळवणाऱ्या घोड्यांपेक्षा ओढणाऱ्या बैलाची ताकद त्यात होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. शेतकरी आणि घोडे पाळणारे यांनी ते उचलून धरले. फोर्डने पुढे १९९९ च्या मॉडेलापासून एफ-२५० व त्यावरील गाड्या ‘सुपर ड्यूटी’ या नावाने एफ-१५० पासून पूर्णतः वेगळ्या केल्या. एफ-१५० रोजच्या वापरासाठी मऊ होत गेली आणि सुपर ड्यूटी कामासाठी कणखर. ही फारकत तर्कशुद्ध होती. पण त्यानंतर दोन्ही वर्गांत ओढण्याच्या आकड्यांची शर्यत सुरू झाली. २०१९ च्या रॅम ३५०० मध्ये कमिन्स इंजिनाचा टॉर्क १,००० पौंड-फूट झाला आणि ओढण्याची कमाल क्षमता ३५,१०० पौंड, म्हणजे सुमारे १६ मेट्रिक टन, जाहीर झाली. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्याची कल्पना येईल. आणि असे वजन ओढणे सोपे, उतारावर थांबवणे कठीण, हेही त्यांना सांगावे लागणार नाही.

दीर्घकाळ हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने ठरवत असे. २००८ मध्ये सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनियर्स म्हणजेच एसएई या संस्थेने जे-२८०७ हे समान मानक प्रसिद्ध केले. त्यातील प्रसिद्ध चाचणी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या चढावर आधारलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरच्या या रस्त्यावर गाडी जवळजवळ ९०० मीटर उंची चढते. तापमान किमान १०० अंश फॅरनहाइट असावे, वातानुकूलन पूर्ण चालू असावे आणि मागे दोनच चाके असलेल्या गाडीचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ नये, अशा अटी आहेत. १२ टक्के चढावर थांबलेल्या अवस्थेतून पुन्हा निघणे हाही कसोटीचा भाग आहे. टोयोटाने २०११ च्या टुंड्रासाठी हे मानक प्रथम स्वीकारले आणि तिचे जाहीर आकडे काहीशे पौंडांनी खाली आले. आपला आकडा एकट्याने कमी दिसावा, ही इतरांची तयारी नव्हती. २०१५ च्या मॉडेलांपर्यंत फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम यांनीही ते अर्ध्या टनाच्या गाड्यांना लागू केले.

मानक आले तरी जाहिरातीतील कमाल आकडा आणि ग्राहकाच्या दारातील गाडी यांत अंतर राहिलेच. मानकानुसार गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढेच गृहीत धरले जातात. कुटुंब त्यात नाही. येथे एक हिशेब उपयोगी पडेल. उदाहरणादाखल ११,००० पौंड ओढण्याची क्षमता जाहीर असलेली चार दरवाज्यांची अर्ध्या टनाची गाडी घ्या. तिच्या दाराच्या चौकटीवरील पत्रकात माणसे व माल मिळून कमाल १,५०० पौंड असे लिहिलेले आहे. मागे ७,००० पौंडांचा कॅम्पर आहे. वरवर पाहता ४,००० पौंडांची शिल्लक दिसते. पण अशा ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग दांड्यावाटे गाडीच्या हुकावर उभा दाबला जातो, आणि तो तसा दाबला गेलाच पाहिजे, नाही तर ट्रेलर वेगात डोलू लागतो. १२ टक्के धरल्यास ८४० पौंड झाले. चार माणसांचे ६०० पौंड, जोडणीचे साहित्य व हौद्यातील सामान यांचे १६० पौंड. बेरीज १,६०० पौंड होते. ओढण्याची मर्यादा दूरच राहिली आणि पेलण्याची मर्यादा मात्र ओलांडली गेली.

म्हणजे ज्या जुन्या मापाला नावापुरते उरलेले म्हणून बाजूला सारले गेले, ते पेलण्याचे मापच अखेरीस निर्णायक ठरते. फरक एवढाच की ते आता गाडीच्या नावात नसून दाराच्या चौकटीवरील लहानशा पत्रकात आहे. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २००० मध्ये संमत झालेल्या ट्रेड कायद्याच्या अनुषंगाने या पत्रकाचे आजचे स्वरूप सक्तीचे झाले. विक्रेत्याच्या भिंतीवरील मोठ्या आकड्यापेक्षा त्याचे वाचन अधिक हितावह आहे.

निवडीचा प्रश्न

वरील हिशेबाचे एक उत्तर पाऊण टनाची गाडी घेणे हे आहे आणि वर्षभर जड ट्रेलर ओढणाऱ्यासाठी ते योग्यही आहे. फिफ्थ-व्हील पद्धतीचा ट्रेलर असेल तर त्याच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग हौद्यावर येतो आणि तेथे अर्ध्या टनाच्या गाडीचा विचारही करू नये. प्रश्न उरतो तो वर्षातून मोजक्या वेळा ओढणाऱ्यांचा. स्ट्रॅटेजिक व्हिजन या अमेरिकी संशोधनसंस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार सुमारे ७५ टक्के पिकअपमालक वर्षातून एकदा ओढतात किंवा तेवढेही नाही. एका दिवसासाठी घेतलेली ताकद उरलेल्या ३६४ दिवशी इंधन, टायर आणि गाडी उभी करण्याची जागा यांच्या रूपाने आपली किंमत वसूल करते.

ती किंमत केवळ मालक देत नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेविषयीच्या विमा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या जवळजवळ १८ हजार अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४० इंचांपेक्षा उंच बॉनेट असलेली वाहने, ३० इंच किंवा कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांच्या तुलनेत, पादचाऱ्याचा मृत्यू घडवण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. चाळीस इंच म्हणजे एक मीटरहून थोडे अधिक; पाच-सहा वर्षांचे मूल त्यापुढे उभे असले तर चालकाला फारसे दिसणार नाही. आकाराच्या निवडीला खाजगी आवडीची बाब म्हणून सोडून देता येत नाही ते यामुळे.

जून २०२१ मध्ये फोर्डने ‘मॅव्हरिक’ ही पिकअप जाहीर केली. तिला ट्रकसारखा स्वतंत्र सांगाडा नाही. तिची बांधणी मोटारीसारखी एकसंध आहे. ती मेक्सिकोतील एर्मोसिलो येथे बनते. आरंभीची किंमत २० हजार डॉलरला ५ डॉलर कमी, मूळ इंजिन हायब्रिड, शहरात दर गॅलनला ४२ मैल, पेलण्याची क्षमता १,५०० पौंड आणि ओढण्याची क्षमता २,००० पौंड. पेट्रोल इंजिन आणि विशेष साहित्य घेतल्यास ४,००० पौंड. आकड्यांच्या शर्यतीत या गाडीला स्थान नव्हते. तरीही मागणी इतकी आली की जानेवारी २०२२ मध्ये कंपनीला त्या वर्षाची नोंदणी थांबवावी लागली. छोट्या पिकअपला अमेरिकेत ग्राहकच नाही, हे एका दशकभर ऐकवले गेलेले विधान यानंतर पुन्हा तपासून पाहावे लागते. पुढे मागणी पाहून किंमतही चढली. २०२५ च्या मॉडेलाची सुरुवात २६ हजार डॉलरच्या वर गेली.

मॅव्हरिकला छोटी म्हणतात, परंतु तिची लांबी २०० इंचांच्या जवळ आहे. १९८३ ची आखूड हौद्याची रेंजर सुमारे १७६ इंचांची होती. दोन फूट वाढूनही नव्या गाडीचा हौदा साडेचार फुटांचाच आहे, कारण वाढ मागच्या आसनांकडे गेली. आठ फुटी प्लायवुडचा तक्ता त्यात चाकांवरच्या उंचवट्यांवर आडवा टेकवावा लागतो आणि त्याच्या मागच्या टोकाला आधार मिळावा म्हणून मागची फळी अर्धवट उघडी राहील अशी खाच कंपनीने मुद्दाम करून ठेवली आहे.